एका मानपाड्यात पूर, दुसऱ्यात ऊन

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या मानपाड्याला राहते आणि माझी धाकटी बहीण डोंबिवलीच्या मानपाड्याला. पावसाळ्यात आमचं रोज फोनवर वाजतं. माझ्याकडे धो धो कोसळत असतं तेव्हा ती गच्चीत कपडे वाळत घालत असते आणि मला वेड्यात काढते. वेधशाळा दोघींना मिळून ‘ठाणे जिल्ह्यात मुसळधार’ एवढंच सांगते. मग खोटं कोण, मी, ती की वेधशाळा? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : ताई, आधी मोबाइल बघा. ‘मानपाडा’ एवढंच टाकलं की ॲप मनाला येईल ते मानपाडा उचलतं, त्यामुळे तुम्ही बहिणीचा अंदाज वाचत असाल आणि ती तुमचा. हे निस्तरलं तरी भांडण मिटणार नाही, कारण तुम्ही दोघीही खरंच बोलताय.

दोन मानपाड्यांमध्ये सरळ रेषेत पंधरा किलोमीटरही अंतर नाही. पण तुमच्या पाठीशी येऊरचा डोंगर आहे, मध्ये खाडी आहे आणि बहिणीच्या पश्चिमेला पारसिक-मुंब्र्याची रांग. शिवाय जोरदार सर देणारा एखादा ढग रुंदीला काही किलोमीटरच असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात रिकामा होऊन विरतो. तो तुमच्यावर रिता झाला तर डोंबिवलीला त्याचा गारवा तेवढा पोचेल, पाऊस पोचेलच असं नाही.

आता पाऊस मुळात पडतो कसा ते थोडं सविस्तर सांगतो, कारण येऊर तुमच्या खिडकीतून दिसत असणार. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात बहुतेक आरगॉन, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पाऊस या तिघांपैकी कुणीच देत नाही. तो देतं बाष्प, आणि त्याचा वाटा ऋतूप्रमाणे बदलतो. जुलैत आपल्याकडच्या एक किलो हवेत साधारण वीस ग्रॅम बाष्प असतं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण दहा बाय बाराच्या बंद खोलीत पस्तीस किलोच्या आसपास हवा मावते, म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये आत्ता न दिसणारं पाऊण लिटरच्या जवळपास पाणी तरंगतंय. भिंतीला बुरशी का येते आणि पापड सादळतात का, याचं उत्तर इथेच मिळून जातं.

हे पाणी खाली यायचं तर हवा आधी वर चढावी लागते. वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते आणि फुगताना गार होते, दर हजार मीटरला जवळजवळ दहा अंशांनी. गार होत होत ती दवबिंदूला आली की बाष्पाचे थेंब होतात आणि आपल्याला ढग दिसतो. ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक ढोबळ हिशेब आहे : तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा आणि दर अंशाला १२५ मीटर धरायचे. जुलैतल्या भिजक्या दुपारी तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर ढगाचा तळ ३७५ मीटरवर. येऊर ज्यात येतो त्या राष्ट्रीय उद्यानातले उंच माथे साडेचारशे मीटरच्या आसपास जातात. म्हणजे ‘ढग येऊरवर टेकलेत’ असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं असतं. तेच मे महिन्यात तापमान ३५ आणि दवबिंदू २४ धरा : तळ थेट १,३७५ मीटरवर जातो आणि येऊर उघडाबोडका दिसतो. दोन्ही आकडे हवामानाच्या बऱ्याच ॲपवर मिळतात, तेव्हा एखाद्या दिवशी करून बघा.

हवेला वर ढकलणारं काहीतरी लागतं. कधी तापलेली जमीन ते काम करते, कधी कमी दाबाचा पट्टा, कधी वाऱ्याला आडवा आलेला डोंगर. डोंगराची करामत बघायची तर माथेरान बघा, पायथ्याच्या नेरळ-कर्जतपेक्षा तिथे पाऊस जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आणि सह्याद्री ओलांडून पुण्यात उतरलं की तो हजाराच्याही खाली येतो. येऊर त्या मानाने ठेंगणा. तो ढग अडवून पलीकडे दुष्काळ पाडू शकत नाही. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे तुमचं मानपाडा खरं तर डोंगराच्या आडोशाला. पण एवढ्या बुटक्या डोंगरावर उचललेली हवा थेंब सोडेपर्यंत वाऱ्याने माथा ओलांडून जाते, म्हणून सर पायथ्यालाही झोडपते.

आता वेधशाळेकडे. ठाणे जिल्हा म्हणजे काय ते नकाशात पाहा. २०१४ साली पालघर वेगळा झाला, तरी हा जिल्हा भाईंदरच्या समुद्रापासून मुरबाडमधल्या माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे. एवढ्या सगळ्याला एक वाक्य. त्यातही अंदाजातले शब्द सैल नसतात, आपण ते सैलपणे वाचतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी फार तर पाव ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तुरळक ठिकाणी मुसळधार असा अंदाज असेल आणि तुमच्या बहिणीकडे थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. टीव्हीवरची पट्टी मात्र ‘तुरळक ठिकाणी’ गिळते आणि ‘मुसळधार’ तेवढं ठेवते.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पटतो. पाऊस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि ‘मुसळधार’ची पायरी सुरू होते ६४.५ मिलिमीटरपासून. २०४.५ च्या पुढे गेला की ‘अत्यंत मुसळधार’. पण हे सगळे चोवीस तासांचे आकडे. चाळीस मिनिटांत ५० मिलिमीटर कोसळला, नेमकी तेव्हाच खाडीला भरती असली, तर सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी, रिक्षा बंद, शाळेची बस अडकलेली. दिवसभर पुढे उघडीप राहिली तर वहीत त्याची नोंद होते ‘मध्यम पाऊस’. शहरात पाऊस तासांवर मोजायला हवा. चोवीस तासांचा हिशेब शेताला ठीक आहे, गटाराला नाही.

आणि पंधरा किलोमीटरने काय फरक पडतो असं बहिणीला वाटत असेल, तर तिला २६ जुलै २००५ ची आठवण द्या. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात जेमतेम ७४. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर ९४४ मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर आणि वर थोडं. कुलाब्यात त्याच आकाराच्या गच्चीवर अर्धा टँकरही भरला नसता.

संगणकाचं गणित हळूहळू बारीक होतंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ ला सुरू झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते, त्याआधीची चौकट बारा किलोमीटरची होती. बारा किलोमीटरच्या चौकटीला तुम्हा दोघींत फारसा फरक दिसण्यासारखा नव्हता. तरीही घराबाहेर पडायच्या आधी पुढच्या तास-दोन तासांचं बघायचं असेल, तर ॲपवरचं ढगाचं चित्र सोडा आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडार बघा. मुंबईत एक कुलाब्याला आहे, दुसरं जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ पासून. पावसाचे पट्टे कुठून कुठे सरकताहेत ते डोळ्यांनी दिसतं आणि बहिणीशी भांडायला पुरावाही मिळतो.

प्रश्न : २०२५ साली मे महिन्यातच पावसाळा लागला. आमच्या लहानपणी मृगाशिवाय पाऊस यायचा नाही. ऋतू बदलले, असं म्हणायचं का? (निवृत्त शिक्षक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : सर, एका वर्षावरून नाही. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचल्याचं जाहीर झालं. इतका लवकर तो नोंदीत कधीच आला नव्हता, त्याआधीचा विक्रम होता २९ मे १९५६ चा. ठरलेली सरासरी तारीख ११ जून. त्या मे महिन्यात कुलाब्याने मेमधल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. पण पुढे काय झालं तेही आठवा. आलेला मोसमी वारा महाराष्ट्रात अडकून बसला, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा घामाच्या धारा, आणि पेरणीची घाई करू नका असं कृषी विभागाला सांगावं लागलं. हे सगळं त्या त्या दिवसांचं हवामान. एखाद्या ठिकाणचा स्वभाव सांगायचा तर निदान तीस वर्षांचा हिशेब लागतो. सध्या आपली वेधशाळा १९९१ ते २०२० ची सरासरी धरते. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणजे सरासरी तारखेच्या तीन-चार दिवस आधी. जुन्या लोकांचा अंदाज काही वाईट नव्हता, एवढंच त्यातून दिसतं. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाचंही तेच. नक्षत्र पाऊस आणत नाही, ते त्याचं वेळापत्रक सांगतं, आणि वेळापत्रकाचं काय होतं ते कल्याण-कसारा मार्गावरच्या प्रवाशांना सांगायला नको.

ऋतू बदलत नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि अरबी समुद्र तापतोय हे मोजून झालेलं आहे. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून एकदम उसळून येणारं बाष्प आहे. म्हणजे बदल शोधायचा तो पाऊस कोणत्या तारखेला आला यात नव्हे. एकेका दिवसात तो किती आणि कसा पडला, तिथे शोधायचा.

प्रश्न : हिवाळ्यात पहाटे मानपाडा रोडला रासायनिक वास येतो आणि दहा-अकरानंतर कमी होतो. कारखाने रात्री धूर सोडतात म्हणून ना? (एक वाचक, डोंबिवली एमआयडीसी)

उत्तर : सोडत असतील तर ते तपासणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. पण रात्रंदिवस सारखाच धूर निघाला असता तरी पहाटे वास जास्तच आला असता. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. एरवी वर जाताना तापमान घटतं, इथे ते वाढतं. गार हवा या झाकणाखालून वर येऊ शकत नाही, वारा पडलेला असतो, आणि जे काही चिमणीतून निघालं ते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी रेंगाळतं. ऊन चढलं, जमीन तापली की हवा घुसळली जाते आणि झाकण उडतं. दुपारी खाडीकडून वारा सुटला की उरलंसुरलंही पांगतं. पांगतं म्हणजे नाहीसं होत नाही, ते अंबरनाथ-बदलापूरकडे जातं. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला होता, तो तुम्हाला आठवत असेल. हवेत साठलेलं धुऊन खाली आणायला अवकाळी सर मिळाली, एवढाच त्या दिवशीचा फरक. तेव्हा तक्रार करायची तर पहाटे सहाला करा, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून. दुपारी तपासायला माणूस आला तर त्याला स्वच्छ हवा मिळेल आणि तो तसंच लिहून जाईल.