जुनी मारुती ८०० पाळताना

मारुती ८०० गुडगावच्या कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडली डिसेंबर १९८३ मध्ये, आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. आमची त्यामधली, सेकंडहँड, एमएच-०८ पासिंगची, चिपळुणात राहणारी. स्वस्तातली जुनी गाडी घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी जे सांगतो ते हे.

१. किलोमीटरचा आकडा बघू नका, पत्रा बघा. आकडा मागे फिरवता येतो, गंज नाही. इंजिन उघडून बांधता येतं. कुजलेला पत्रा कितीही वेल्डिंग केलं तरी पुढच्या पावसात पुन्हा तोंड वर काढतो. दरवाज्यांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवा. बॅटरी उचलायला लावा. पायाखालचं मॅटिंग काढून जमीन ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तिथूनच परत फिरा. कोकणातल्या गाडीपेक्षा कराड-साताऱ्याकडची मिळाली, तर चार पैसे जास्त गेले तरी घ्या.

२. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकाला सांगता आलं नाही, तर बदललेला नाही असंच धरा.

३. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, जेमतेम ३७ अश्वशक्ती. गाडी हलकी म्हणून हे पुरतं. पण चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढायचा तर एसी बंद, दुसरा गियर आणि तापमानाच्या काट्यावर एक डोळा. पुढे ट्रक असेल तर मागेच राहा. घाई असलेल्याने ही गाडी घेऊच नये.

४. काचा हाताने फिरवायच्या, स्टिअरिंगही मनगटाच्या जोरावर. पाहुणे हसतात. पण जे बसवलेलंच नाही ते बिघडत नाही, आणि हिचा निम्मा भरवसा तिथूनच येतो. क्लच केबलवर चालतो. एक केबल आणि एक फॅनबेल्ट डिकीत पडू द्या, तालुक्याच्या गावातला कुठलाही मेकॅनिक बसवून देतो. चोकची खुंटी ओढून सुरू होणाऱ्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांचे भक्त अजून आहेत. मी त्यांच्यातला नाही. २००० च्या आसपास आलेली एमपीएफआय घ्या, ओल्या सकाळी सुटायला बरी.

५. रोज सकाळी सुरू होते म्हणून आपण गाडीला भरवशाची म्हणतो. धडक झाली तर काय, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चांगलं नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, पत्रा पातळ. चौपदरी झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावर शेजारून कंटेनर जातो तेव्हा गाडी हातात थरथरते. मी तिला गावात, बाजारात, फार तर गुहागरपर्यंत नेतो. रात्रीच्या लांबच्या प्रवासाला एसटी आहे, रेल्वे आहे. “आमच्या वेळी कुठे होत्या एअरबॅग?” असं म्हणणाऱ्या काकांशी वाद घालत नाही, नातवंडांना मात्र त्यांच्यासोबत हायवेला पाठवत नाही.

६. पंधरा वर्षं उलटली की फेरनोंदणी आली, पर्यावरण कर आला. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० झालं. हा सगळा खर्च विचारात घेऊनच भाव करा, आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवलेला आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.