यंत्र बुडाले, तरी मांडणी बुडू नये

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. माल गेला, वह्या गेल्या, संगणकही गेले. उमरठ-पोलादपूरहून खरेदीला येणाऱ्यांचाही हाच बाजार. माल पुन्हा भरता येतो, संगणकही नवा मिळतो. परंतु त्यात कोणते प्रोग्राम होते, कोणाला कोणती मुभा होती, हिशोबाची नक्कल कोठे जात होती, हे सारे बसवणाऱ्याच्या डोक्यातच राहिले असेल, तर धंदा खोळंबतो. ही मांडणी लिहून ठेवून यंत्राकडूनच पुन्हा करून घेणाऱ्या साधनांची आज ओळख करून घेऊ.

सर्व्हर म्हणजे दुकान, गोदाम व कार्यालयातील संगणकांना हिशोब आणि मालाची यादी पुरवणारा मुख्य संगणक. त्यावर बहुधा लिनक्स ही प्रणाली असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ती सुरू केली. परवाना शुल्क न भरता ती वापरता येते. सर्व्हर दोन प्रकारचे. एक प्रत्यक्ष, म्हणजे हात लावता येईल अशी पेटी. दुसरा आभासी : एका मोठ्या गाळ्यात फळ्या घालून चार दुकाने काढावीत, तसे एकाच यंत्रात प्रोग्रामच्या साहाय्याने अनेक सर्व्हर केलेले असतात.

पहिले काम : उभारणी

यासाठी 'फोरमन' नावाचे साधन आहे. ते २००९ साली सुरू झाले. वर्कशॉपमधला फोरमन जसा कामे वाटून देतो, तसेच याचे काम. कोरे यंत्र नेटवर्कवरून सुरू होईल असे लावले, की ते आपला पत्ता मागते. फोरमनच्या हाताखालच्या सेवा त्याला पत्ता देतात, सुरुवातीची फाइल देतात आणि उत्तरांची यादीही देतात. डिस्कचे भाग किती, भाषा कोणती, कोणते प्रोग्राम घ्यायचे, हे त्या यादीत असते. त्यामुळे प्रत्येक यंत्रापुढे बसून तेच प्रश्न पुन्हा सोडवावे लागत नाहीत. प्रत्यक्ष व आभासी, दोन्ही सर्व्हर असे उभारता येतात.

दुसरे काम : देखभाल

यासाठी 'पपेट' (२००५) आणि 'अॅन्सिबल' (२०१२) ही साधने प्रचलित आहेत. पपेटचा एक छोटा प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर राहतो व एरवी दर ३० मिनिटांनी मांडणी तपासतो. अॅन्सिबलला सर्व्हरवर असा पहारेकरी लागत नाही. ते सुरक्षित जोडणीने येते, काम करते आणि जाते. यंत्र कसे असावे हे साध्या फाइलीत लिहायचे. जे बरोबर आहे त्याला हात लागत नाही, बिघडले तेवढेच दुरुस्त होते. सुताराचा साचा एकदा नीट उतरला, की दहावी खुर्चीही पहिलीसारखीच होते.

आपल्याला किती उपयोगाचे?

एकाच सर्व्हरसाठी फोरमनचा पसारा मांडू नये. अॅन्सिबलची एक फाइल पुरे. पाच-दहा यंत्रे असतील, तर फोरमनचा विचार करावा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही साधने यंत्राची मांडणी परत आणतात, तुमचा हिशोब नव्हे. हिशोबाची नक्कल रोज वेगळी काढावी आणि मांडणीच्या फाइलीसह पुराचे पाणी पोचणार नाही अशा दुसऱ्या गावी ठेवावी. फाइलीत पासवर्ड उघडा लिहू नये. तो कुलूपबंद ठेवण्याची सोय अॅन्सिबलमध्येच आहे.

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात वा अन्यत्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ही विद्या जरूर हस्तगत करावी. बऱ्या क्षमतेच्या एका जुन्या संगणकावर दोन-तीन आभासी सर्व्हर करून घरी सराव होतो. त्यातला एक मुद्दाम पुसून टाकावा व फाइलीवरून पुन्हा उभा करून पाहावा. किती वेळ लागला, हे घड्याळ लावून नोंदवावे. आपली तयारी त्यातून कळते.

मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. वहीच्या बाबतीत जो व्यापारी हे पाळतो, त्याने यंत्राच्या बाबतीतही लिहिण्याची सवय लावावी. इन्शाअल्लाह, पुढच्या पावसाळ्याआधी एवढे काम सहज उरकेल.