फळीखालची जमीन

मुलांनो, उन्हाळ्यात सहज लागणारे दार पावसाळ्यात चौकटीला घासते, हे तुम्ही पाहिले असेल. असे का होते? लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली, की ते पुन्हा आकसते. फळी लांबीने फारशी वाढत नाही. ती रुंदीने वाढते.

काही घरांत सिमेंटच्या कोब्यावर लाकडी फळ्या चिकटवतात. अशी जमीन सुंदर दिसते. पण कोबा ओला असेल, तर तो ओलावा खालून फळ्यांत शिरतो. फळ्या फुगतात, एकमेकींना रेटतात आणि शेवटी उचलल्या जातात. मग सगळी जमीन उखडावी लागते. लाकूड, पैसा आणि कारागिराचे श्रम वाया जातात. म्हणून फळी चिकटवण्यापूर्वी खालची जमीन तयार करायची असते.

पहिले काम म्हणजे ओलावा तपासणे. कोबा वरून कोरडा दिसला, तरी आतून ओला असू शकतो. नवे काँक्रीट वाळायला दर २५ मिलिमीटर जाडीस सुमारे एक महिना लागतो, असा साधारण अंदाज आहे. म्हणजे १०० मिलिमीटर जाडीला चार महिने! एक सोपी परीक्षा पाहा. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर पसरा. त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने तो उचला. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर अजून थांबा. तसे काही दिसले नाही, तरी जाणता कारागीर ओलावा मोजण्याच्या यंत्राने खात्री करून घेतो.

दुसरे काम सपाटीचे. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवा. पट्टीखाली सुमारे तीन मिलिमीटरांहून जास्त फट नसावी. उंचवटे घासून काढावेत. खड्डे व भेगा भराव्यात आणि भरलेली जागाही वाळू द्यावी. खाली जुनी फरशी असेल, तर मडके घेताना वाजवून पाहतो, तशी ती ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर फरशी सुटली आहे असे समजावे.

तिसरे काम सफाईचे. तेल, मेण, जुना रंग आणि धूळ काढून टाकावी. धूळ राहिली, तर फळी जमिनीला चिकटत नाही, धुळीला चिकटते!

फळ्याही काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, म्हणजे तेथील हवा त्यांच्या अंगवळणी पडते. बसवताना भिंतीलगत सुमारे १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. फळ्या फुगल्या, तर त्यांना तेवढी वाट मिळते.

हे काम पुढे कोणालाच दिसत नाही. पाहुणे फळ्यांचीच तारीफ करतात. पण पहिला पावसाळा येतो आणि खालच्या कामाची परीक्षा घेतो.

स्वाध्याय
१. पावसाळ्यात दार चौकटीला का घासते?
२. कोब्यातील ओलावा कसा तपासावा?
३. भिंतीलगत मोकळी जागा का सोडतात?