विल्सन रोग : बरे वाटल्यावरही औषध का चालू ठेवावे?

तांबे हा धातू शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असतो. प्रौढ माणसाची गरज दिवसाला सुमारे १ मिलिग्रॅम एवढीच असते. अन्नातून आलेले अधिक तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही थोड्या व्यक्तींमध्ये यकृताचे हे कार्य जन्मतःच सदोष असते. त्यांच्या यकृतात, मेंदूत व डोळ्यांत तांबे वर्षानुवर्षे साचत राहते. या आनुवंशिक विकारास विल्सन रोग असे म्हणतात. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्या काळी हा रोग प्राणघातकच ठरत असे. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामीन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि रुग्णांना दीर्घायुष्याची वाट मोकळी झाली.

लक्षणे

रोगाची लक्षणे बहुधा ५ ते ३५ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात. काहींना कावीळ होते, पोटात पाणी साचते. काहींचे हात थरथरतात, बोलणे अडखळते, तोंडातून लाळ गळते, स्वभाव चिडचिडा होतो. वळणदार अक्षर काढणाऱ्या मुलाचे अक्षर अकारण बिघडू लागले, तर शिक्षकांनी त्यास केवळ आळस समजू नये. अशा मुलास बाहेरची बाधा झाली असे मानून गंडेदोरे करण्यात मोलाचा काळ वाया जातो. रक्त, लघवी व डोळे यांच्या तपासणीवरून डॉक्टरांना रोगाचे निदान करता येते.

औषधांचे कार्य

पेनिसिलामीन शरीरातील तांब्यास बांधून घेते व ते लघवीवाटे बाहेर काढते. ट्रायेंटीन या औषधाचे कार्यही असेच आहे. जस्ताचे क्षार आतड्यातून होणारे तांब्याचे शोषण रोखतात. कोणते औषध, किती व केव्हा द्यावे हे तज्ज्ञ डॉक्टरच ठरवितात. एका रुग्णाचे औषध दुसऱ्याने आपल्या मनाने घेऊ नये.

औषध घेण्याची रीत

पेनिसिलामीन उपाशीपोटी घ्यावयाचे असते : जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. अन्नाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण बरेच कमी होते. लोहाच्या गोळ्या, जस्त व आम्लपित्तावरील औषधे त्याच वेळी घेऊ नयेत. त्यांत किती अंतर ठेवावे ते डॉक्टरांना विचारावे. या औषधामुळे शरीरातील ब-६ जीवनसत्त्व कमी पडू शकते, म्हणून डॉक्टर सोबत पिरिडॉक्सिनची गोळी देतात. ती अनावश्यक समजून टाळू नये. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

धोक्याच्या खुणा

औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा गाठींची सूज येऊ शकते. पुढेही घसा दुखून ताप येणे, अंगावर रक्ताचे ठिपके उमटणे, लघवीस फेस येणे, चेहरा वा पाय सुजणे यांपैकी काही दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. काही रुग्णांत सुरुवातीस कंप किंवा बोलण्यातील दोष वाढतो. तेव्हाही औषध परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. मात्रा बदलावी की औषध बदलावे हे त्यांनी ठरवावयाचे असते. रक्त व लघवीची तपासणी ठरलेल्या तारखांस करून घ्यावी. अनेक दुष्परिणाम रुग्णास जाणवण्यापूर्वी तपासणीतच प्रथम दिसतात.

आहार व भांडी

तांब्याच्या भांड्यात पाणी साठवून पिण्याची चाल घरोघरी आहे व ती आरोग्यदायी मानली जाते. विल्सन रोगाच्या रुग्णासाठी मात्र ती अपायकारक होय. त्याचे पिण्याचे पाणी मातीच्या माठात वा स्टीलच्या भांड्यात ठेवावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत त्याचे अन्न, विशेषतः आंबट पदार्थ, शिजवू नये. काळीज, कालवे व तिसऱ्या, काजू, अळिंबी व चॉकलेट यांत तांबे अधिक असते. उपचाराच्या पहिल्या वर्षात तरी हे पदार्थ टाळावेत. मात्र केवळ पथ्य पाळून रोग आटोक्यात येत नाही. पथ्य हे औषधाच्या जोडीस असते, त्याच्या जागी नव्हे.

सर्वांत मोठी चूक

काही महिन्यांनी कंप थांबतो, भूक लागते, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागते. मग घरची मंडळी म्हणतात, ‘आता बरा झाला, गोळ्या कशाला?’ खरा धोका येथेच असतो. औषधाने तांबे बाहेर निघते, पण यकृतातील मूळ दोष जात नाही. औषध थांबताच तांबे पुन्हा साचू लागते, आणि काही महिन्यांत वा वर्षांत यकृत एकाएकी निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून हा उपचार जन्मभराचा आहे. गरोदरपणातही औषध आपण होऊन सोडू नये. डॉक्टर मात्रा कमी करून ते चालू ठेवतात. शस्त्रक्रियेपूर्वीही हे औषध चालू असल्याचे सांगावे. गोळ्या संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी पुढील साठा आणून ठेवावा.

भावंडांची तपासणी

आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास स्वतः निरोगी असतात, परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून एका मुलास रोग आढळल्यास त्याच्या सर्व भावंडांची, ती धडधाकट दिसत असली तरी, तपासणी करावी. लक्षणे दिसण्यापूर्वी औषध सुरू झाल्यास यकृत व मेंदू यांची हानी बहुतांशी टाळता येते.

गावातील आरोग्यसेविका, शिक्षक व ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी अशा घरी अधूनमधून चौकशी करावी. औषध वेळेवर मिळते काय, आणि ते घेतले जाते काय, हे दोनच प्रश्न विचारले तरी एखाद्या तरुणाचा जीव वाचू शकेल.