जुनी मोटार आणि निर्मळ विनोद

माणसांना नाना प्रकारचे छंद असतात. कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे जमवितो. आणि काही जणांना जुन्या मोटारगाड्या जपण्याचा छंद असतो. नाणे बिचारे पेटीत निमूटपणे पडून राहते. मोटारीचे तसे नाही. ती तेल मागते, पाणी मागते, वेळीअवेळी रुसून बसते आणि भर रस्त्यात धन्याची फजिती करते. त्यामुळे जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले, म्हणजे प्रथम यंत्राच्या गोष्टी निघतात आणि थोड्याच वेळात विनोदांना भरती येते.

हे विनोद फार खोल नसतात. ते साधे, बाळबोध, क्वचित पोरकटही असतात. पण ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. एकजण विचारतो, “तुमच्या गाडीत माणसे किती मावतात?” दुसरा सांगतो, “आत बसायला चार आणि ढकलायला सहा!” कोणी पृच्छा करतो, “पेट्रोल फार पिते का हो?” उत्तर मिळते, “पिते पेट्रोलच. पण खाते माझे डोके!” एखादा मोठ्या अभिमानाने म्हणतो, “माझ्या गाडीत भोंगा सोडून सारे काही वाजते.” एका गृहस्थाला मित्राने विचारले, “गाडीला कुलूप का लावीत नाही?” गृहस्थ म्हणाला, “जो चोर ही गाडी चालू करून दाखवील, त्याच्याच तर मी शोधात आहे!”

मोटारीविषयीच्या विनोदांची ही परंपरा जुनी आहे. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड याने ‘मॉडेल टी’ नावाची स्वस्त गाडी बाजारात आणली. १९२७ सालापर्यंत तशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. शेतकरी, कामगार, दुकानदार अशा सामान्य माणसांच्या दारी मोटार आली ती प्रथम याच गाडीमुळे. परंतु तिच्या खोड्याही अनेक होत्या. पुढील बाजूस लोखंडी दांडा घालून तो हाताने फिरवावा, तेव्हा इंजिन चालू होई. कधी कधी तो दांडा असा उलटा झटका देई, की मनगट दुखावे. गाडीची पेट्रोलची टाकी बसण्याच्या जागेखाली असे. टाकीतील पेट्रोल पंपाच्या साहाय्यावाचून, केवळ स्वतःच्या वजनाने, इंजिनाकडे उतरत असे. पेट्रोल कमी असताना उभा चढ आला, म्हणजे इंजिन टाकीहून उंच होई आणि पेट्रोल तेथवर पोहोचत नसे. मग चालक गाडीचे तोंड फिरवी आणि मागच्या मागे तो चढ चढून जाई! अशी गाडी पाहून लोकांना विनोद सुचले, यात नवल ते काय?

त्या काळी या गाडीवरील विनोदांच्या छोट्या पुस्तिका छापल्या जात आणि लोक त्या आवडीने विकत घेत. त्यांपैकी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. वादळात एका शेतकऱ्याच्या घराचे पत्र्याचे छप्पर उडाले आणि त्याचा चोळामोळा झाला. शेतकऱ्याने तो पत्रा गमतीने फोर्डच्या कारखान्याकडे धाडून दिला. काही दिवसांनी कारखान्याचे उत्तर आले : “आपल्या गाडीला मोठाच अपघात झालेला दिसतो, तरी आठवडाभरात ती दुरुस्त करून पाठवितो.” या थट्टेचा फोर्डला राग आला नाही. लोक हसतात म्हणजे गाडीचे नाव सर्वतोमुखी होते, ही तर फुकटची जाहिरात आहे, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते.

आपल्या देशातही अशा गाड्या होत्या. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ सालापासून २०१४ सालापर्यंत अँबॅसडर गाडी तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनीला सारे ओळखत. तशी शेवटची टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सेवेतून निवृत्त झाली. आता अशा गाड्या हौशी लोकांच्या घरीच अधिक जपल्या जातात. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शनाला किंवा जुन्या गाड्यांच्या रॅलीला नेता येते. रोजच्या वापरासाठी वा भाड्यासाठी ती चालविता येत नाही.

जुनी मोटार जपणे हे जालन्यासारख्या गावी तर विशेष कौतुकाचे आहे. जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील भट्ट्यांत मोडके लोखंड, म्हणजे भंगार, वितळविले जाते आणि त्याच्या नव्या सळया तयार होतात. त्या सळया घरांच्या व पुलांच्या कामी येतात, हे चांगलेच आहे. परंतु ज्या गावात जुन्या लोखंडाला इतकी मागणी, त्या गावात जुनी गाडी दारात उभी ठेवणाऱ्याला किती जण सल्ला देत असतील! अशा वेळी खरा शौकीन हसून म्हणेल, “माझी गाडी रुसली, म्हणजे मी तिला फक्त भट्टीचा धूर दाखवितो, लगेच चालू लागते!” कोणी विचारले, “जालन्याहून अंबडला जायला किती वेळ लागतो?” तर तो सांगेल, “पायी निघालो तर संध्याकाळपर्यंत खात्रीने पोहोचतो. गाडीने निघालो तर काही सांगता येत नाही.” या शब्दांत तक्रार नाही. ज्या वस्तूवर आपले प्रेम असते, तिचीच आपण अशी थट्टा करतो. घरातील आजोबा लाडक्या नातवाला ‘लबाडा’ म्हणतात, तसेच हे आहे.

याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. तेथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. ‘दासबोध’ या ग्रंथात समर्थांनी टवाळांच्या विनोदप्रियतेला नावे ठेविली आहेत. मग समर्थांना हसणे मान्य नव्हते, असे समजावे काय? तसे नव्हे. टवाळी आणि विनोद यांत अंतर आहे, आणि ते आपण नीट ओळखले पाहिजे.

समजा, रस्त्यात एक जुनी जीप बंद पडली आहे. आत आजारी माणूस आहे. चालक घामाघूम होऊन खटपट करीत आहे. अशा वेळी शेजारून जाणारा कोणी ओरडला, “ढकलायला सहा माणसे आणा!” आणि हसत पुढे गेला, तर त्याला आपण विनोदी म्हणू काय? वाक्य जवळजवळ तेच आहे. गाडीचा धनी मित्रांच्या मेळाव्यात ते बोलला, तेव्हा सर्वांना आनंद झाला. वाटसरू बोलला, तेव्हा एका माणसाच्या काळजाला घर पडले. शब्द तेच असले, तरी बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यांवर विनोदाची टवाळी होते. तोच वाटसरू थांबला असता, बाह्या सरसावून त्याने गाडीला हात लावला असता, आणि मग म्हणाला असता, “एक तर आलो, आता पाचच शोधायचे!” तर त्या संकटातही चालकाच्या चेहऱ्यावर हसू उमटले असते.

निर्मळ विनोदाची हीच खूण आहे. ज्याच्याविषयी तो केला, त्यालाही तो हसवितो. तो आईवडिलांसमोर, गुरुजनांसमोर निःसंकोचपणे सांगता येतो. तो दुसऱ्याच्या गरिबीवर, व्यंगावर किंवा अडचणीवर बोट ठेवीत नाही. शक्यतो तो स्वतःपासून सुरू होतो. मुलांनो, वर्गात एखाद्याची सायकल जुनी असते, एखाद्याचे दप्तर शिवलेले असते. त्याने स्वतः त्यावर विनोद केला, तर मनमोकळेपणाने हसा. परंतु त्याने केला नसेल, तर तुम्हीही करू नका. हसण्याची हौस असेल, तर आपल्या स्वतःच्या सायकलीपासून सुरुवात करावी. तिच्या घंटीखेरीज सारे काही वाजत असेलच!

स्वाध्याय

१. नाणी जमविणे आणि जुन्या मोटारी जपणे या छंदांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
२. ‘मॉडेल टी’ गाडी उभा चढ मागच्या मागे का चढत असे?
३. आपल्या गाडीवरील विनोदांचा फोर्डला राग का आला नाही?
४. जुनी मोटार जपणे जालन्यात विशेष कौतुकाचे का वाटते?
५. ‘शब्द तेच असले, तरी विनोदाची टवाळी होते’ हे पाठातील जीपच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : डोके खाणे, नावे ठेवणे, काळजाला घर पडणे, बाह्या सरसावणे.
७. तुमच्या स्वतःच्या एखाद्या जुन्या वस्तूवर चार-पाच ओळींचा निर्मळ विनोद लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.