मागणीपत्राआधी वीजबिल

बारामतीत 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि 1972 साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाल्यानंतर बारामती-इंदापूर पट्ट्यात शिक्षणसंस्थांची विस्तीर्ण संकुले उभी राहत गेली. त्यांच्या छतांवर सौरवीज तयार व्हावी, ही विद्यार्थ्यांची मागणी मनापासून स्वागत करावे अशी आहे. मात्र मोहीम राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने चालवली की विद्यार्थी मंडळाने, यापेक्षा ती लोकांना कोणते आश्वासन देते याला अधिक महत्त्व आहे.

सर्वांत घातक आश्वासन म्हणजे वीज कधीच न जाण्याचे. भारनियमन सोसलेल्या या भागात पॅनेल बसले की अंधार संपला, असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुतः महावितरणच्या वाहिनीला जोडलेल्या नेहमीच्या यंत्रणेतील इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या दिष्ट प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र, वाहिनीतील पुरवठा खंडित होताच आपोआप थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका पोहोचेल. बॅटरी आणि तिला साजेशी जोडणी असेल तरच पुरवठा टिकतो, आणि त्याचा खर्च वेगळा असतो. हे आधी सांगितले नसेल, तर भर उन्हात पंखे बंद पडल्यावर मोहिमेवरचा विश्वास उडतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या अनुभवानुसार तो परत मिळवणे नवी यंत्रणा बसवण्याहून कठीण असते.

म्हणून सह्या गोळा करण्यापूर्वी संस्थेची 12 महिन्यांची वीजबिले मागून घ्यावीत आणि त्यांतील मंजूर भार व महिनावार वापर पाहावा. 1 किलोवॉटच्या पॅनेलना ढोबळमानाने 10 चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने त्यांतून दिवसाला सुमारे 4 युनिट मिळतात, हे धरून उदाहरणार्थ 50 किलोवॉटची मागणी छताला आणि वापराला पेलते का, याचा हिशेब विद्यार्थी स्वतः करू शकतात. वीज नियामक आयोगाने 2015 साली राज्यात नेट मीटरिंगचे नियम केले आणि 2019 साली ते नव्याने आणले. या पद्धतीत वाहिनीत सोडलेली जादा वीज बिलातून वजा होते. उन्हाळी सुट्टीत संकुल ओस आणि ऊन कडक असते, तेव्हा ही तरतूद विशेष उपयोगी पडते.

उसाचा गाळप हंगाम हा या भागाचा खास प्रश्न आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या या टापूत फडातील पाचट पेटवले की काजळी दूरवर उडते. ती धुळीसह काचेवर बसली की निर्मिती घटते, आणि क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरे डाग राहतात. त्यामुळे पॅनेल कोण धुणार, कोणत्या पाण्याने आणि छतावर चढताना सुरक्षेची सोय काय, हे मागणीपत्रातच लिहिलेले असावे.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत बाहेर पडतात, तर पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी साधारणतः 25 वर्षांची असते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेची नोंद घेतली जात असल्याने यंत्रणा बसवण्यास व्यवस्थापन अनेकदा राजी होते, पण पुढील देखभाल त्या नोंदीत आपोआप येत नाही. दरमहा मीटरवरील निर्मिती एका वहीत लिहिणे, ती वही एका प्राध्यापकाच्या व विद्युत कर्मचाऱ्याच्या संयुक्त जबाबदारीत ठेवणे आणि प्रत्येक जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती वाचायला शिकवणे, एवढी व्यवस्था मंजुरीच्या ठरावातच लेखी करून घ्यावी.