शब्द घशात अडकतात तेव्हा

दर सोमवारी सकाळी छातीत धडधडतं म्हणून तिशीतल्या एक ताई दवाखान्यात आल्या. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड, हिमोग्लोबिनही ठीक. बोलता बोलता कळलं, सोमवारी दहाला ऑफिसात मीटिंग असते. "सगळं येत असतं हो डॉक्टर, पण साहेबांनी माझ्याकडे पाहिलं की घशाला कोरड पडते. मग माझाच मुद्दा दुसरं कुणीतरी मांडतं."

हा भित्रेपणा नव्हे. चारचौघांत बोलायची वेळ आली की मेंदूला धोका वाटतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, त्यामुळे छाती धडधडते, तोंड सुकतं, हात थरथरतात. गप्प बसलं की लगेच हायसं वाटतं. गोम इथेच आहे. 'गप्प बसलो म्हणून वाचलो' हे मेंदू शिकतो आणि पुढच्या खेपेला भीती वाढते. म्हणून यावरचं औषध बोलणं हेच. फक्त मात्रा थोडी थोडी वाढवायची.

त्या ताईंना मी एका कागदावर एकच वाक्य लिहायला लावलं: "सर, या कामाला अजून दोन दिवस लागतील." माझ्यासमोर त्यांनी ते तीनदा मोठ्यानं म्हटलं. पहिल्यांदा आवाज कापला, तिसऱ्यांदा स्थिर झाला.

तुम्हीही एवढं करा:

• मुद्दा एका वाक्यात लिहा आणि आदल्या रात्री घरी मोठ्यानं म्हणा.
• मीटिंगआधी पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या. सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. हृदयाची गती उतरते.
• त्या सकाळी चहा-कॉफी कमी घ्या, पण उपाशीपोटी जाऊ नका.
• सुरुवातीलाच बोला, एखादा प्रश्न विचारलात तरी चालेल. वाट पाहाल तेवढी धडधड वाढते.

धडधड थांबवायची गोळी मैत्रिणीकडून घेऊ नका. दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडत असाल, तर आधी हृदय तपासून घ्या. वरिष्ठ अपमान करत असतील, तर दोष तुमच्या धाडसाचा नाही. तारीखवार नोंद ठेवा आणि लेखी तक्रार करा.

सहा महिन्यांहून अधिक काळ ही भीती टिकली, तिच्यापायी रजा टाकावी लागत असेल, बढती नाकारावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशनानं आणि गरज पडल्यास औषधांनी हा त्रास आटोक्यात येतो. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. पहिलं वाक्य तिथे बोललात तरी चालेल, पण या आठवड्यात बोलाच.